फोटो नसलेल्या मायची तसबीर

माझी माय एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापात गेली, तेव्हा मी अजून तिच्या अंगावर पीत होते. त्या साथीत आमच्या अमरावतीच्या माळीपुऱ्यातली कितीतरी घरं रिकामी झाली. आमच्या घरात बाबा वाचले, माझी मोठी बहीण, जिला मी अक्का म्हणायचे, ती वाचली, मी वाचले. माय तेवढी गेली. तिचा एकही फोटो नव्हता. आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता, बाबा इतवारा बाजारात बसून झेंडू, शेवंती, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर विकायचे. आमच्यासारख्यांच्या घरी तेव्हा फोटो काढायची रीतच नव्हती.

लहानपणी मी ज्याला त्याला विचारायची, माझी माय कशी दिसायची. शेजारची म्हातारी म्हणायची, सावळी होती, लांब तोंडाची. विहिरीवर येणाऱ्या एक काकू म्हणायच्या, छे, गोरीगोमटी होती, गोल तोंडाची. अक्काला आठवायची ती फक्त मायची पाठ आणि तिची हाक. बाबांना विचारलं की ते कापलेल्या फुलांवर पाणी शिंपडायला उठून जात. ते रागीट नव्हते. आमच्या आळीत मुलींना कोणी शाळेत धाडत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला धाडलं, पुढे मास्तरणीच्या परीक्षेलाही बसवलं. बाजारात गिऱ्हाइकाशी ते तासभर बोलत. फक्त मायचा विषय निघाला की त्यांचं तोंड मिटायचं, आणि हळूहळू घरातल्या सगळ्यांनीच तो विषय सोडून दिला.

परीक्षा पास झाल्यावर मला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. अकोल्यात मावशी राहायची, मायची धाकटी बहीण. तिच्या घरच्यांचं फळांचं दुकान होतं. मी तिच्याकडे राहू लागले आणि रोज ताजनापेठेतून पायी शाळेत जाऊ लागले. त्याच वाटेवर एका फोटोवाल्याचं दुकान होतं. दाराशी काचेची एक उभी पेटी होती आणि तिच्यात नमुन्याचे फोटो लावलेले असत. वरच्या रांगेत सगळ्या दुकानांत असतात तसेच, खुर्चीवर हात ठेवून उभे वकील, नवरा-नवरी, जरीच्या टोपीतली बाळं. खालच्या रांगेत मात्र काही भलतंच होतं.

पहिल्या दिवशी मला दिसला तो एक टांगेवाला. मांडीवर टोपी ठेवून तो सरळ समोर बघत बसला होता, आणि त्याच्या सदऱ्याच्या जागी छातीतून एक रस्ता निघाला होता. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोऱ्या, आणि तो रस्ता लहान लहान होत पार आतपर्यंत गेला होता. मला हसू आलं. दुसरा फोटो एका सुईणीचा होता. तिनं ओंजळ पुढे केली होती, आणि त्या ओंजळीत किल्ल्याच्या बुरुजावरून दिसतात तशी अकोल्याची घरं होती, छपरांसकट, धुरासकट. या फोटोला मी हसले नाही. शाळेची घंटा होईल म्हणून निघाले खरी, पण परतीच्या वाटेवर पुन्हा थांबले. त्या बाईनं त्या घरांतली किती पोरं हातात झेलली असतील, असं मनात आलं आणि मग ती घरं तिच्या हातांतच असायला हवीत असं वाटू लागलं.

पेठेतल्या लोकांचं मत वेगळं होतं. फोटो तेव्हा आधी काचेवर घेत आणि मग कागदावर छापत. कोणी म्हणत, त्याच्या काचा बिघडतात आणि तो बिघडलेला माल मांडून ठेवतो. कोणी म्हणत, ही भुताटकी आहे, पोरांना तिथे उभं राहू देऊ नका. मावशीही भुताटकीच म्हणायची. तरी साधा फोटो त्याच्यासारखा गावात कोणी काढत नाही हे तीही मान्य करायची. म्हणून खामगावकडचं एक स्थळ आलं आणि मुलीचा फोटो मागितला गेला, तेव्हा ती मला घेऊन त्याच्याकडेच गेली.

फोटोवाला पन्नाशीचा, उंच, हाडकुळा माणूस होता. तोंडात लवंग धरून बोलायचा. वरच्या मजल्यावर उत्तरेकडचं छप्पर काचेचं होतं आणि त्याखाली पांढऱ्या कापडाचे पडदे दोरीवर सरकवून तो उजेड कमी-जास्त करायचा. बसायच्या आधी त्यानं मला चपला काढायला लावल्या. पाय मोकळे असल्याशिवाय तोंड मोकळं होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मोठमोठ्या वकिलांनाही तो बूट काढून सतरंजीवर पाय टेकवायला लावायचा. बायका आल्या की त्याची बायको आतून यायची, पदर सारखा करायची, केस नीट करायची. काचेवरचं बारीक पेन्सिलीचं काम आणि गच्चीवर उन्हात कागद छापायचं काम तीच करायची. पुरुष गिऱ्हाइकांसमोर ती येत नसे. त्या दोघांना पुढे मी चाचा आणि चाची म्हणू लागले.

माझा फोटो साधा आणि छान आला. ते स्थळ काही जमलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पण फोटो घ्यायला गेले त्या दिवशी मी धीर करून चाचांना टांगेवाल्याबद्दल विचारलं. त्यांना आधी खरंच वाटेना की मी चेष्टा करत नाही. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. कधीतरी घाईत त्यांनी एकाच काचेवर दोनदा फोटो घेतला होता. आधी कापसाच्या बाजारातल्या बैलगाड्या, आणि नंतर त्याच काचेवर कापसाचे एक शेठ. शेठजींच्या पोटातून बैलगाड्यांची रांग चाललेली निघाली. शेठजी रागावून दुसऱ्या दुकानात गेले. चाचा ती काच फोडायला निघाले होते, तर चाचीनं ती हातातून काढून घेतली आणि पेटीत जपून ठेवली. रोज काम आटोपल्यावर ती ती काच उजेडात धरून बघायची. तिला बघताना बघून चाचाही बघू लागले. मग ते मुद्दाम तसं करायला लागले. पुढे जर्मनची लढाई सुरू झाल्यावर विलायती काचा मिळेनाशा झाल्या, तेव्हा जुन्या काचा एकीवर एक ठेवून छापायचा नादच दोघांना लागला.

खूप वर्षांनी, मुलाकडे पुण्याला गेले असताना, एका चित्रांच्या प्रदर्शनात मी अशाच तऱ्हेचे युरोपातले फोटो पाहिले. तिथल्या माणसानं मला अतिवास्तववाद असा एक लांबलचक शब्द सांगितला. शब्द मी लिहून घेतला. अकोल्यात ताजनापेठेत तो शब्द कोणाला माहीत नव्हता, चाचांना तर नाहीच. त्यांना एवढंच कळत होतं की सुईण नुसती खुर्चीवर बसवली तर फोटोत एक म्हातारी येते, सुईण येत नाही.

मी अधूनमधून तिथे जाऊ लागले. चाची मला काचा उजेडाला धरून दाखवायची. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं बघायची डोळ्यांना सवय लागायला वेळ लागला. टांगेवाल्याच्या फोटोनंतर तर एक गंमत झाली. तो टांगेवाला पेठेतलाच होता, मी त्याला रोज बघायची आणि कधी बघितलंही नव्हतं. आता तो दिसला की मला वाटायचं, हा माणूस आज कुठवर जाऊन आला असेल. एकदा मी त्याला विचारलंही. त्यानं मला पातूरच्या घाटाच्या गोष्टी सांगितल्या आणि शाळेपर्यंत फुकट सोडलं.

एका सुट्टीच्या दुपारी मी चाचांना विचारलं, ज्या माणसाचा फोटोच नाही, त्याची तसबीर तुम्ही करू शकाल का? आणि मायचं सगळं सांगितलं. चाचांनी मान हलवली.

“बेटी, माह्या डब्ब्यासमोर जे बसते त्याचीच तसबीर येते. जे बसलंच नाही त्याची मी कुठून आनू?”

चाची कागद कापत बसली होती. तिनं कातरी खाली ठेवली आणि विचारलं, “तिच्या मांगं कोन कोन उरलं?”

मी म्हटलं, बाबा, अक्का, मावशी आणि मी. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली की मग एवढी माणसं तर समोर बसू शकतात. चाचांनी बराच वेळ लवंग चघळली. शेवटी म्हणाले, सगळ्यांना एका दिवशी आण. काय होईल ते मला माहीत नाही, पण आण.

दिवाळीच्या सुट्टीत मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेले. अक्काही दर्यापूरहून, तिच्या सासरहून आली होती. तिला सांगितलं तर ती लगेच तयार झाली. बाबांजवळ विषय काढायला मात्र माझी जीभ रेटेना. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होते, तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. जुडी बांधायचं थांबवलं नाही.

“गेलेल्या मानसाले काहून तरास देता?” ते म्हणाले. “अन मले कायले पायजे फोटो? मले सारं आठवते.”

“तुमाले आठवते, बाबा,” मी म्हटलं. “मले नाही आठवत.”

ते उठले आणि वाफ्यांकडे निघून गेले. मी अकोल्याला परत आले, आणि ठरलेल्या रविवारी अक्काची वाट बघत स्टेशनवर उभी राहिले, तर गाडीतून आधी बाबा उतरले. डोक्यावर स्वच्छ धुतलेलं पागोटं, खांद्यावर उपरणं. मी फक्त पाहायला आलो, बसणार नाही, असं त्यांनी उतरल्या उतरल्याच सांगितलं. मी हो म्हटलं.

मावशीही आली. चाचांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. अक्का नऊवारी नेसूनच आली होती. चाचांनी तिला मायच्या जागी म्हणून खुर्चीवर बसवलं, मग खाली सतरंजीवर बसवलं, मग भाजी निवडत असल्यासारखं बसायला सांगितलं. चाची पडद्याआडून सूचना देत होती. बाबा भिंतीशी टेकून उभे होते. चाचा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून बाहेर आले, पुन्हा आत गेले, आणि तेवढ्यात बाबा बोलले.

“ती अशी नोती बसत.”

चाचांनी कापड बाजूला केलं आणि आदरानं विचारलं, मग कशी बसत होत्या, भाऊ? बाबांनी हातानं सांगून पाहिलं. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा वर, गुडघ्यावर कोपर. अक्कानं तसं करून पाहिलं, पण बाबांचं समाधान होईना. मान अशी नाही. खांदा असा नाही. शेवटी त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून बाजूला ठेवलं. परक्या घरात बोडक्या डोक्यानं मी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. ते सतरंजीवर बसले, उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं, एक गुडघा वर केला आणि मान थोडी डावीकडे झुकवली. पिकलेल्या मिशांचा, राकट हातांचा माझा बाप. कोणालाही हसू आलं नाही. मावशीनं तोंडाला पदर लावला.

“कोनी हाक मारली का आधी मान फिरे, मंग डोये,” बाबा म्हणाले. आणि मग ते बोलतच राहिले. माय मळ्यातल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून मेथी-सांबाराच्या जुड्या धुवायची. पाण्यात वाकायची नाही, पाणी हातानं ओढून घ्यायची. फुलांचा भाव पाडून मागणाऱ्याला ती फूलच द्यायची नाही, तसंच घरी घेऊन यायची, आणि त्यावरून दोघांचं भांडण व्हायचं. चिडली की गाणं म्हणायची. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. अक्काही पहिल्यांदाच ऐकत होती.

चाचांनी विचारलं, दुसरा हात कुठे असायचा?

बाबांनी दुसरा हात सतरंजीवर पुढे केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एका हातानं ती जुड्या धुये. दुसऱ्या हातानं हिचा पाय धरून ठेवे. ही रांगत पाटाकडे पये ना.”

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या पायाकडे बघितलं. त्या क्षणी काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. रडू आलं नाही. घोट्याभोवती एकदम ऊब आल्यासारखं झालं, एवढं आठवतं.

चाची पदर सावरायचं विसरून पडद्याबाहेर आली होती. चाचा हलक्या आवाजात म्हणाले, “भाऊ, असेच रहा.” तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की ते समोर बसले आहेत. मी पाहतच होते, आता उठतील. ते उठले नाहीत. मान तशीच ठेवली, आणि चाचांनी डब्याचं झाकण काढलं, मनातल्या मनात मोजलं, पुन्हा लावलं.

त्या दिवशी उजेड होता तोवर चाचांनी आणखी फोटो घेतले. अक्काचे खांदे, तिच्या लुगड्याच्या निऱ्या, मेथीची जुडी धरलेला तिचा हात. मावशीचे हात थोरल्या बहिणीसारखेच आहेत असं बाबा म्हणाले, म्हणून मावशीनं माझा घोटा धरला, आणि त्या हाताचा आणि घोट्याचा वेगळा फोटो घेतला. मावशी सारखी विचारत होती, पण तोंड कोणाचं घेणार? चाचा म्हणाले, तेच कळत नाही. हिचं नाक, तिची हनुवटी असं जोडत गेलो तर चौथीच कोणी बाई तयार होईल.

मग बरेच दिवस काही झालं नाही. मी विचारलं की चाचा खांदे उडवायचे. हिवाळा सरत आला तेव्हा ते दोघं एकाएकी अमरावतीला आले, डबा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन. मीही सोबत होते. चाचांना ती पाटाची जागा बघायची होती. बाबांनी दाखवली. मोट चालू होती, पाणी वाफ्यांकडे वाहत होतं आणि भर दुपारचं ऊन त्यावर पडलं होतं. चाचा पाटाच्या कडेला उकिडवे बसले, माय बसायची तिथेच, आणि पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या पाण्याचाच फोटो घेतला. बाबांनी त्यांना जेवायला थांबवलं. चाचीनं आमच्या विहिरीपाशी बसून वांग्यांची अर्धी टोपली निवडून दिली.

तसबीर जुळवायचं काम चाचीनं केलं. काळ्या कागदाचे आकार कापून ती एकेका काचेचा नको तो भाग झाकायची आणि कडा कडक दिसू नयेत म्हणून कागदाच्या काठावर पिंजलेला कापूस ठेवायची. पहिले कितीतरी कागद तिनं फाडून टाकले, कारण तोंडाच्या जागी भोक पडल्यासारखं दिसत होतं. मी जायची तेव्हा ती मला काही दाखवायची नाही. एके दिवशी तिनं हात पुसले आणि मला गच्चीवर नेलं.

तसबिरीत एक बाई बसलेली होती. नऊवारी, एक गुडघा वर, मान डावीकडे झुकलेली, डोक्यावर पदर. तिच्या एका हातात मेथीची जुडी. दुसऱ्या हातानं तिनं एक पाय घोट्याशी धरला होता, आणि तो पाय लहान मुलाचा नव्हता, मोठ्या बाईचा होता. तसबिरीच्या कडेतून तेवढा पायच आत आला होता. आणि पदराच्या आत, चेहऱ्याच्या जागी, पाटाचं पाणी होतं. उन्हात चमकणारं, वाहतं पाणी. एकटक बघितलं की त्यात कपाळ दिसल्यासारखं व्हायचं, गाल दिसायचा, आणि पापणी लवली की पुन्हा पाणीच.

माझा पाय मी ओळखला. तो हात मला सोडत नव्हता. मला मायचा चेहरा मिळाला नाही, आणि तरी त्या गच्चीवर उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की ती होती. नुसती गेलेली बाई नव्हती ती, बसणारी, भांडणारी, पोर पाण्यात पडू नये म्हणून हात अडकवून ठेवणारी बाई होती.

मावशीला तसबीर मुळीच आवडली नाही. तोंडाचा पत्ता नाही आणि मान तर भाऊजींची आहे, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. हात मात्र आपला चांगला आला, हेही म्हणायची. अक्कानं तसबीर मांडीवर घेऊन खूप रडून घेतलं आणि दर्यापूरला न्यायला एक प्रत मागितली. बाबांकडे मी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली, जवळ घेतली, लांब धरली.

“मले तं तोंड दिसून राहिलं,” ते म्हणाले, आणि मला खिळा आणायला सांगितलं.

त्यानंतर बाबा बदलले असं म्हणणं जास्त होईल. सकाळी चारला उठणं, बाजार, पाणी, सगळं तसंच होतं. पण तसबिरीखाली जेवायला बसले की कधी कधी आपणहून बोलायचे. असंच एकदा त्यांनी मायच्या हातच्या भाकरीला नावं ठेवली, आणि मी आणि अक्का इतक्या हसलो की शेजारची म्हातारी बघायला आली. माझं लग्न पुढे अकोल्यातल्याच एका शिक्षकाशी झालं. मांडवात बसायच्या आधी बाबांनी मला त्या तसबिरीसमोर नेलं आणि मायला सांगितलं की पोरगी चालली. इतक्या सहज सांगितलं, जणू ती शेजारच्या खोलीत भाजी निवडते आहे.

चाचांनी एक प्रत पेटीत लावायची परवानगी मागितली. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते म्हणाले, लावा, पण खाली नका लावू, वर लावा. त्यामुळे वकील आणि नवरा-नवरी एकेक घर सरकले आणि माझी माय वरच्या रांगेत आली. लोक थांबू लागले. भुताटकी म्हणणारे होतेच, पण त्यांच्यात आता दुसरेही दिसायचे. एक पिंजारी आला, त्याचा भाऊ लहानपणीच गेला होता. हिवरखेडहून एक म्हातारी आली, तिला तिच्या बापाची तसबीर हवी होती. तिला त्याचं फक्त खोकणं आठवत होतं. चाचा आधी नाही म्हणायचे. मग चाची विचारायची, मागं कोण कोण उरलं. काही तसबिरी जमल्या, काही जमल्या नाहीत. पिंजाऱ्याच्या भावाची फार सुरेख झाली. नुसता हवेत उडालेला कापूस, आणि त्यात दोन हसरे डोळे, पिंजाऱ्याच्या मुलाचे.

बाबा पुढे महिन्या दोन महिन्यांनी फुलं घेऊन अकोल्याला येऊ लागले. मला भेटायला म्हणून यायचे, पण आधी ताजनापेठेत जायचे. चाचांच्या दारात दोघं चहा पीत बसायचे. एकदा शाळा सुटल्यावर मी त्या वाटेनं येत होते, तर लांबूनच बाबा दिसले. ते नुकतेच गाडीतून उतरले असावेत, डोक्यावर शेवंतीची टोपली तशीच होती. पेटीपुढे परतवाड्याकडचा वाटावा असा एक अनोळखी माणूस मायच्या तसबिरीकडे बघत उभा होता. त्याला ते पाण्याचं काही उमगत नव्हतं. त्यानं बाजूला उभ्या असलेल्या बाबांना विचारलं की ही बाई कोण म्हणायची.

मी तिथेच थांबले, पुढे गेले नाही. बाबांनी डोक्यावरची टोपली उतरवून ओट्यावर ठेवली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि त्या माणसाला सांगायला सुरुवात केली.